घाई कुणाला होती?

पन्नाशी उलटलेल्या पुरुषांनी हे वाचावं आणि त्यांच्या बायकांनी तर वाचावंच वाचावं. लघवीच्या तक्रारीबद्दल पुरुष डॉक्टरांशी जेमतेम एक वाक्य बोलतो, बायकोला तेवढंही सांगत नाही. माझी सगळी नोकरी कोषागारात गेली. दुसऱ्यांच्या बिलांवर आक्षेप काढायचे, हेच काम. त्यामुळे माझ्या स्वतःच्या प्रोस्टेटच्या प्रकरणात चार प्रश्न विचारले तेव्हा ‘काका फार शंका काढतात’ असं घरीदारी सगळ्यांनी ऐकवलं. कोण बरोबर होतं ते कागदावर आहे आणि कागद माझ्याकडे आहेत.

आधी जळजळ, मग ताप, मग एका रात्री लघवीचा थेंब येईना. एका मोठ्या खासगी हॉस्पिटलात नेलं, नळी घातली, जिवात जीव आला. सकाळी नळी तशीच, ताप तसाच, आणि सिस्टर रक्त घ्यायला हजर. कसलं रक्त विचारलं तर ‘सरांनी सगळं लिहिलंय.’ त्या ‘सगळ्या’त पीएसए, म्हणजे प्रोस्टेटची रक्ततपासणी, होता. आकडा आला १९. चारच्या आत हवा असं रिपोर्टवरच छापलेलं असतं, त्यामुळे वॉर्डबॉयसुद्धा माझ्याकडे वेगळ्या नजरेने बघायला लागला.

युरोसर्जन राउंडला आले. फाइल उभ्या उभ्या चाळली आणि म्हणाले, “बायोप्सी करून टाकू.” माझी पुतणी बंगळूरला पॅथॉलॉजिस्ट आहे, तिने फोनवर बजावलं होतं, म्हणून मी विचारलं, “आधी एमआरआय करायचा का?”

“काका, एमआरआयने कॅन्सर सिद्ध होत नाही. शेवटी सुई घालावीच लागते.”

हे वाक्य खोटं नाही, म्हणूनच त्याचा जास्त राग येतो. सुई मुळात घालायची का आणि घालायची तर नेमकी कुठे, हे ठरवायला एमआरआय असतो. ‘प्रिसिजन’ नावाचा एक मोठा अभ्यास २०१८ साली प्रसिद्ध झाला. त्यात ज्यांचा एमआरआय आधी केला, त्यांच्यातल्या चौथ्या हिश्श्याहून जास्त पुरुषांना सुई टोचावीच लागली नाही. तरीही या गटात, थेट बायोप्सी केलेल्यांपेक्षा, ज्याची खरंच काळजी करावी असा कॅन्सर जास्त सापडला. हे मला पुतणीने नंतर समजावलं. त्या डॉक्टरांना ते ठाऊक नसेल असं मी मानत नाही.

बायोप्सी गुदद्वारातून झाली. कुशीवर झोपवून गुडघे पोटाशी घ्यायला लावतात, सोनोग्राफीची दांडी आत जाते आणि तिच्यातून सुई सुटते. दर वेळी ऑफिसातल्या मोठ्या स्टेपलरसारखा ‘खट्ट’ आवाज. बारा तुकडे घेतले. भूल दिलेली असल्याने दुखलं म्हणावं तर फारसं नाही. पण पडदा अर्धा उघडा होता आणि एक पोरगा दारात उभा राहून कुणाच्या तरी वीकली ऑफवरून आतल्या सिस्टरशी हुज्जत घालत होता. मी तिथे आहे याचं भान त्या खोलीत फक्त सुईला होतं.

घरी सोडताना सिप्रो या अँटिबायोटिकच्या गोळ्या दिल्या. लघवीतून थोडं रक्त येईल म्हणाले. वीर्य पुढे कित्येक आठवडे तांबूस-तपकिरी येतं आणि त्यात घाबरण्यासारखं काही नसतं, हे सांगितलं नाही. ताप आला तर काय करायचं, हेही नाही. मग हुडहुडी भरली. तीन पांघरुणं घेऊनही दात वाजायचे थांबेनात. बायकोने डिस्चार्ज कार्डावरचा नंबर लावला, तर पलीकडून उत्तर आलं, “ओपीडी सकाळी दहाला आहे, तोवर क्रोसिन द्या.” तिने सकाळची वाट बघितली नाही म्हणून मी आज लिहितोय. शेजाऱ्यांच्या गाडीतून जवळच्या लहानशा दवाखान्यात गेलो. तिथल्या तरुण डॉक्टरने पहिलाच प्रश्न विचारला, “बायोप्सी मागच्या बाजूने झाली का?” आतड्यातले जंतू सुईबरोबर रक्तात गेले होते. कल्चरमध्ये ई. कोलाय निघाला आणि सिप्रोचा त्याच्यावर काडीचा परिणाम नव्हता. आपल्याकडे अँटिबायोटिक्स इतकी चघळली जातात की हे काही नवल नाही. नवल याचं की ते गृहीत धरूनही कुणी तयारी केली नव्हती.

तेव्हा पहिली गोष्ट लिहून ठेवा: बायोप्सीनंतर थंडी वाजून ताप आला तर रात्रीचे दोन वाजले असले तरी कॅज्युअल्टी गाठायची आणि ‘बायोप्सी झालीय’ हे दारातच सांगायचं. त्याआधी बायोप्सी ठरवतानाच विचारायचं की पेरिनियममधून, म्हणजे वृषण आणि गुदद्वार यांच्या मधल्या कातडीतून, तुमच्याकडे करतात का. त्या वाटेने सुई आतड्यात शिरत नाही, म्हणून जंतुसंसर्गाचा धोका बराच कमी. गुदद्वारातूनच करणार असतील तर आधी तिथल्या जंतूंचं कल्चर करून त्याप्रमाणे औषध देणार का, हे विचारा. मधुमेह असेल, रक्त पातळ करायची गोळी चालू असेल तर तुम्ही सांगा. फाइलीत लिहिलेलं कुणी वाचतं या भ्रमात राहू नका.

त्या संसर्गापायी आयसीयूत राहावं लागलं. तिथून घरी आल्यावर पडल्या पडल्या करण्यासारखं काही नव्हतं. सगळे कागद जेवणाच्या टेबलावर तारीखवार लावले. सवय जात नाही. लघवीचा रिपोर्ट: पस सेल्स भरपूर. पीएसएचा रिपोर्ट: १९. दोन्हींवर तारीख एकच, नमुना घेतल्याची वेळसुद्धा एकच. मी दोन कागद शेजारी ठेवून किती वेळ बसलो कुणास ठाऊक. बायको चहा ठेवून गेली, तो गार झाला. जंतुसंसर्गाने पीएसए वाढतो, लघवी तुंबल्याने वाढतो, नळी घातल्याने वाढतो. माझ्या बाबतीत तिन्ही एकदम हजर होते. असा आकडा आला की आधी संसर्ग बरा करायचा, सहा-आठ आठवडे थांबायचं, मग परत रक्त द्यायचं, एवढंच करायचं असतं. असं बिल माझ्या टेबलावर आलं असतं तर मी शेरा मारून परत पाठवलं असतं. इथे त्याच आकड्यावर मला सुया टोचल्या होत्या.

(वीर्यपतनानंतर दोन दिवस आणि सायकलवर लांब रपेट मारून आल्यावरही हे रक्त देऊ नये. आणि प्रोस्टेट आकसायची ड्युटास्टेराइड किंवा फिनास्टेराइड गोळी बरेच महिने चालू असेल तर आकडा जवळपास निम्मा दिसतो. आमच्या कट्ट्यावरचे एक गृहस्थ ती गोळी घेत असून ‘माझा तीनच आहे’ म्हणून वर्षभर मिरवत होते.)

आता सगळे हाच प्रश्न विचारतात: मग बायोप्सीत काही सापडलं नाही का? सापडलं. बारापैकी एका तुकड्यात, कणभर. कॅन्सर किती आक्रमक ते सांगणारा ग्लीसन आकडा ३+३. दहापैकी सहा ऐकून छातीत धस्स होतं. पण प्रत्यक्षात सहा ही तळाची पायरी आहे, हल्ली त्याखालचा आकडा बायोप्सीत देतच नाहीत. हे मला कुणी सांगितलं नाही. फोन आला तो रिसेप्शनवरच्या मुलीचा. “काका, रिपोर्ट पॉझिटिव्ह आलाय. सरांनी रोबोटिक ऑपरेशनची तारीख धरून ठेवलीय, अॅडव्हान्स कधी भरताय?” एका श्वासात.

सर भेटले तेव्हा माझ्याशी बोललेच नाहीत, बायकोकडे बघून म्हणाले, “वहिनी, कॅन्सर आत ठेवून यांना झोप लागेल का?” ती पांढरीफटक पडली. मुलाला तिथूनच फोन लागला, तोही म्हणाला, “बाबा, उगाच वाद घालू नका, करून टाका.” शेजारच्या खोलीत पॅकेजचा छापील कागद तयारच होता. त्या पूर्ण भेटीत ‘नुसतं लक्ष ठेवणं’ हाही एक उपचार असतो, हे कुणाच्या तोंडून आलं नाही.

मी बायोप्सीच्या स्लाइड आणि तुकडे जपलेले मेणाचे ब्लॉक मागितले. “ब्लॉक देत नाही आम्ही.” मग मी माझ्या धंद्यावर गेलो. साध्या कागदावर अर्ज लिहिला. रुग्णाने मागितल्यावर ७२ तासांत वैद्यकीय नोंदी द्याव्यात, असं मेडिकल कौन्सिलच्या २००२ च्या नियमावलीत आहे, त्याचा उल्लेख केला आणि आवक शिक्क्यासह पोच मागितली. शिक्का मारायची वेळ आली तेव्हा ब्लॉक मिळाले. तुम्हीही मागा. नुसता रिपोर्ट घेऊन दुसऱ्या डॉक्टरकडे गेलात तर तो पहिल्याचंच वाचणार. तुकडे दुसऱ्या डोळ्यांनी बघितले जाणं म्हणजे खरं दुसरं मत.

परळला टाटाला गेलो. गर्दी, रांगा, फुटपाथवर मुक्काम टाकलेली माणसं, ते सगळं आहेच. पण तिथे स्लाइड पुन्हा वाचल्या, संसर्ग निवल्यानंतरचा पीएसए बघितला (तो पाचाच्या घरात आला होता), एमआरआय केला आणि सांगितलं, आत्ता काही करू नका, लक्ष ठेवू. ब्रिटनमधला ‘प्रोटेक्ट’ नावाचा अभ्यास पुतणीने पाठवला होताच. प्रोस्टेटच्या बाहेर न गेलेला कॅन्सर असलेले सोळाशेवर पुरुष, कुणाचं ऑपरेशन, कुणाला रेडिएशन, कुणावर नुसतं लक्ष. पंधरा वर्षांनी, २०२३ साली जाहीर झालेला हिशेब असा की तिन्ही गटांत या कॅन्सरने दगावलेले साधारण शंभरात तीन. लक्ष ठेवलेल्यांत तो पसरण्याचं प्रमाण जास्त होतं आणि त्यांच्यातल्या अर्ध्याहून अधिकांना पुढे उपचार घ्यावे लागले, हेही त्यातच आहे. मी दोन्ही बाजू मुलाला वाचून दाखवल्या. तो गप्प बसला, पटलं असं अजूनही म्हणत नाही.

पुढे मलाही उपचार घ्यावे लागले. पीएसए हळूहळू चढला, एमआरआयवर ठिपका दिसला, या वेळी पेरिनियममधून नेमकी सुई घातली; ताप नाही, काही नाही. आलं ३+४. आणि नेमकं एका लग्नात ते जुने सर भेटले. हातात मसालेभाताची प्लेट, चेहऱ्यावर हसू: “बघा, मी म्हणालो होतो.” काय म्हणाले होते? जे तेव्हा काढायची गरजच नव्हती ते काढून टाकू म्हणाले होते. मधली वर्षं मी, ऑपरेशननंतर लघवी गळते म्हणून लावायच्या पॅडशिवाय, नातवाला खांद्यावर घेऊन काढली, ती यांच्या पॅकेजमध्ये कुठे धरली होती?

रेडिएशन घेतलं, वीस सिटिंग. तिथला खरा छळ मशीनचा नाही, पाण्याच्या बाटलीचा. पोट साफ हवं आणि मूत्राशय ठरावीक भरलेलं, म्हणजे आतड्याला मार कमी बसतो. आदल्या रात्री हरभरा, राजमा, वाटाणा बंद. वेटिंगमध्ये आम्ही पाच-सहा म्हातारे बाटल्या धरून घड्याळाकडे बघत, आणि मशीन बिघडलं की हलकल्लोळ. एक जण तर मांडीवर मांडी घट्ट आवळून टेक्निशियनला ओरडत होता, “मी सोडणार नाही, पण तू लवकर कर!” तिथे जेवढं मोकळेपणाने बोललो तेवढं कट्ट्यावर कधी बोललो नव्हतो.

आमच्या कट्ट्यावरच्या एका मित्राचं उलट होतं. त्याचं ४+४, त्याला थांबून चालणार नव्हतं आणि त्याने ऑपरेशन करून घेतलं ते योग्यच झालं. पण नंतर लघवी गळते हे त्याला नळी काढल्यावर कळलं. फिरायला येणं बंद, एसटीचा प्रवास बंद, कारण कुणालाच माहीत नाही. ओटीपोटाखालच्या स्नायूंचा व्यायाम, केगल, ऑपरेशनच्या आधीपासून शिकवतात. त्याला नंतर कुणी तरी कागद दिला. शरीरसंबंधांवर होणारा परिणाम तर कुणी उच्चारला नाही आणि त्यानेही विचारला नाही. पुढे हार्मोनचं इंजेक्शन सुरू झालं, ऐन थंडीत घामाने भिजायला लागला. त्याची बायको म्हणाली, “आता कळलं, पाळी जाताना मला काय व्हायचं ते?”

बाकी नेहमीचं: बरोबर कुणाला तरी न्या, प्रश्न लिहून न्या, रात्री मोबाइलवर वाचत बसू नका. मेडिक्लेम असेल तर रोबोटिक शस्त्रक्रियेला वेगळी मर्यादा आहे का ते पॉलिसीत आधी बघा. पुष्कळ पॉलिसींत असते आणि पॅकेजचा कागद देणारे त्याबद्दल बोलत नाहीत.

त्या हॉस्पिटलचे मेसेज मला अजून येतात. मागच्या महिन्यात ‘पुरुष आरोग्य शिबिर, पीएसए सवलतीत’ असा आला, म्हणून मुद्दाम गेलो. रांगेत उभ्या असलेल्या एकेकाला विचारत सुटलो: लघवीला जळजळ आहे का, ताप येऊन गेला का? असेल तर आज रक्त देऊ नका, बरं झाल्यावर द्या. दोघं निघून गेले. तिसऱ्याने मला एजंट समजून दुसऱ्या लॅबचा रेट विचारला. मग काउंटरवरची मुलगी उठून आली आणि म्हणाली, “काका, तुम्ही पेशंट आहात का?” मी म्हटलं, “फाइल काढा, बघा.” तिने काढली नाही.