खुन्याचं चरित्र, मृताचा पंचनामा

पुण्यात छोटं वाचनालय चालवणाऱ्याला एक गोष्ट लवकर कळते: गुन्हेकथांच्या कपाटावर कधी धूळ बसत नाही. खऱ्या खुनांवरची पुस्तकं, पोलीस अधिकाऱ्यांच्या आठवणी, कैद्यांची आत्मकथनं, इंग्रजीतून आलेली भाषांतरं, सगळी हातोहात जातात. मीही ती वाचते आणि आवडीने वाचते, हे आधीच सांगून टाकते. पुस्तकं देता-घेता आणि वाचता वाचता जे ध्यानात आलं, ते इथे मांडते आहे.

१. फोटोंची पानं आधी उघडावीत.

खुन्याचे फोटो किती आणि मेलेल्याचे किती, एवढं मोजलं तरी पुस्तकाचा कल समजतो. खुन्याचा शाळेतला फोटो असतो, मित्रांबरोबरचा असतो, बेड्या घालून कोर्टात नेतानाचा तर असतोच. मृताचा एकच, कुठल्याशा अर्जासाठी काढलेला. मग मी दुसरी गोष्ट बघते. मेलेला माणूस पुस्तकात पहिल्यांदा येतो तेव्हा तो जिवंत असतो का? पुष्कळदा तो येतो तोच प्रेत म्हणून. त्याची ओळख पंचनामा करून देतो.

२. खटल्याला नाव पडतं तेव्हाच काही माणसं गळतात.

जोशी-अभ्यंकर हत्याकांड म्हटलं की माझ्या वयाचे पुणेकर अजूनही आवाज खाली आणतात. जानेवारी १९७६ ते मार्च १९७७ या काळात दहा माणसं मारली गेली. पहिला बळी प्रकाश हेगडे हा तरुण विद्यार्थी, मारणाऱ्यांच्या ओळखीतलाच. शेवटचा अनिल गोखले. दोघांचीही आडनावं खटल्याच्या नावात नाहीत. १ डिसेंबर १९७६ च्या रात्री भांडारकर रस्त्यावरच्या अभ्यंकरांच्या बंगल्यात पाच जण गेले; त्यांत सकूबाई वाघ होत्या, त्या घरी कामाला होत्या. त्यांचं नाव तर 'अभ्यंकर कुटुंबीय' या दोन शब्दांखालीच झाकलं जातं. उलट जक्कल, सुतार, जगताप आणि मुनव्वर शहा ही मारणाऱ्यांची नावं त्या काळातल्या कुणालाही झोपेतून उठवून विचारा, धडाधड सांगेल.

चौघांना २७ नोव्हेंबर १९८३ रोजी येरवड्यात फाशी झाली. तोवर मुनव्वरचं 'येस, आय अ‍ॅम गिल्टी' हे आत्मकथन लिहून झालं होतं. पुढे १९८६ मध्ये नाना पाटेकरांचा चित्रपट आला, 'माफीचा साक्षीदार'. नाव कुणाचं, तर टोळीतून फुटून सरकारपक्षाला मिळालेल्या पोराचं!

त्या पाचांतल्या काशिनाथशास्त्री अभ्यंकरांचं या सगळ्यात काय झालं? माझ्या हातून गेलेल्या पुस्तकांत आणि लेखांत ते 'संस्कृतचे पंडित' एवढ्या दोन शब्दांत उरकलेले आहेत. या माणसाने संस्कृत व्याकरणातल्या संज्ञांचा इंग्रजी कोश केला. तो १९६१ साली बडोद्याहून निघाला आणि व्याकरण शिकणाऱ्यांना आजही लागतो. त्यांच्या वडिलांनी, वासुदेवशास्त्र्यांनी, पतंजलीचं महाभाष्य मराठीत आणलं. हे समजायला मला गुन्हेकथांच्या कपाटापासून उठून पार दुसऱ्या कपाटाशी जावं लागलं. खुनाच्या पुस्तकाला मृताची माहिती खुनापुरतीच हवी असते: घरात पैसा होता का, माणसं म्हातारी होती का, दार कुणी उघडलं. सकूबाईंसाठी तर दुसरं कपाटही नाही.

३. मृताला एक तर देव करतात, नाही तर दोष देतात.

'मनमिळाऊ, हसतमुख, कुणाच्या अध्यात ना मध्यात.' अशी माणसं मला जिवंतपणी फारशी भेटलेली नाहीत. आणि मेलेली बाई गरीब किंवा एकटी असेल, तर ती एवढ्या रात्री तिथे काय करत होती, हा प्रश्न ठरलेला.

लंडनच्या व्हाइटचॅपलमध्ये १८८८ साली पाच बायका मारल्या गेल्या. 'जॅक द रिपर' कोण होता, यावर तेव्हापासून पुस्तकांचा ढीग साठतो आहे. त्या बायका मात्र सव्वाशे वर्षं 'पाच वेश्या' याच नावाने ओळखल्या गेल्या. हॅली रुबेनहोल्ड या इतिहासकार बाईंनी २०१९ साली 'द फाइव्ह' लिहिलं आणि रिपरला दाराबाहेर ठेवलं. खुनांची वर्णनं त्यात नाहीत. पाच जणींपैकी तिघी वेश्या होत्या असं म्हणायला धड पुरावाच नाही, हे त्यांनी कागदपत्रांतून दाखवलं. मेरी अ‍ॅन निकल्स ही लोहाराची मुलगी. लग्न, मुलं, मोडलेला संसार, दारू, वर्कहाउस आणि शेवटी रस्ता. मेली तेव्हा तिच्याजवळ कंगवा, रुमाल आणि आरशाचा तुकडा होता. डोक्यावर छप्पर नसलेली बाई कंगवा आणि आरसा जपत होती, ही एक नोंद मला रिपरबद्दलच्या सगळ्या तर्कांपेक्षा मोलाची वाटते.

४. उत्तम लेखक जास्त धोकादायक.

ट्रुमन कपोटीचं 'इन कोल्ड ब्लड' मी आजही आग्रहाने वाचायला देते. कॅन्सस राज्यातल्या होलकोंब गावी नोव्हेंबर १९५९ मध्ये क्लटर नवरा-बायको आणि त्यांची दोन मुलं मारली गेली. कपोटी त्यांचा शेवटचा दिवस फार मन लावून लिहितो, हे खरं. पण तो भाग संपला की पुस्तक दोन खुन्यांपैकी एकाच्या, पेरी स्मिथच्या हाती जातं. त्याचं बालपण, त्याची स्वप्नं, त्याचं दुखरं अंग. आपण रडतो ते पेरीसाठी. क्लटरांच्या दोन थोरल्या मुली त्या रात्री घरी नव्हत्या म्हणून वाचल्या. आई, वडील, बहीण, भाऊ एका रात्रीत गेल्यावर त्या कशा जगल्या, याला पुस्तकात जवळजवळ जागाच नाही. दोघा खुन्यांना एप्रिल १९६५ मध्ये फाशी होईपर्यंत कपोटीला पुस्तक पुरं करता येत नव्हतं. आणि शेवटचा तो दफनभूमीतला प्रसंग, तपास अधिकारी आणि क्लटरांच्या मारल्या गेलेल्या मुलीची, नॅन्सीची, मैत्रीण यांच्या भेटीचा, तो त्याने रचलेला आहे. वाचकाला शांत वाटावं म्हणून मेलेल्यांच्या थडग्यांशी न घडलेली भेट घडवायची, हे मला पटत नाही.

५. पेन्सिलीने केलेल्या दुरुस्त्या खोडू नयेत.

आमच्या एका सभासद बाईंचा भाऊ फार वर्षांपूर्वी मारला गेला. त्या प्रकरणावर कुठल्याशा संग्रहात एक प्रकरण होतं. त्यांनी ते पुस्तक नेलं, दुसऱ्या दिवशी परत आणलं. समासात बारीक अक्षरात लिहिलं होतं. शाळेचं नाव चुकलंय. धाकटा नाही, मधला. लेखकाने त्या सकाळचं वर्णन करताना भावाच्या हातात वाफाळता चहा दिला होता. त्यापुढे लिहिलं होतं, 'चहा घेत नसे.' मी नियमाप्रमाणे दंडाचं काही बोलणार होते, तर त्याच म्हणाल्या, "ताई, पुस्तक आलं तेव्हा आम्हाला कुणी विचारायलासुद्धा आलं नाही. मग म्हटलं, इथेच लिहावं." दंड घेतला नाही. ती प्रत तशीच कपाटात आहे आणि नेणारे ती मागून नेतात. त्या लेखकाला कटकारस्थानाचा तपशील कोर्टाच्या कागदांत मिळाला. चहाचं मात्र एका फोनवर कळलं असतं.

६. कायद्याकडून फार अपेक्षा ठेवू नये.

लैंगिक अत्याचारातल्या पीडितेचं नाव छापायला आपल्याकडे बंदी आहे, आणि ती हवीच. नुसता खून झालेल्याला असं कवच नाही. गंमत बघा: खासगीपणाच्या हक्काबद्दलचा सर्वोच्च न्यायालयाचा १९९४ चा गाजलेला निकाल एका खुन्याच्याच आत्मचरित्रावरून आला. मद्रासच्या ऑटो शंकरचं आत्मचरित्र तमिळ साप्ताहिकात येणार होतं. त्यात अधिकाऱ्यांशी असलेले लागेबांधे उघडे पडणार म्हणून ते रोखायचा प्रयत्न झाला. सार्वजनिक कागदपत्रांत जे आहे ते छापता येतं, असं न्यायालय म्हणालं. निकाल योग्यच आहे. पण त्या लढाईत संपादक होता, सरकार होतं, खुन्याचं आत्मचरित्र होतं. त्याने मारलेल्यांचे नातेवाईक कुठल्याच बाजूला नव्हते.

७. 'नातेवाइकांचं म्हणणं' असं एक नसतं.

निकोल ब्राउन आणि रॉन गोल्डमन यांच्या खुनांचा आरोप झालेल्या ओ. जे. सिम्पसनच्या 'इफ आय डिड इट' या पुस्तकाचे हक्क कोर्टामार्फत रॉन गोल्डमनच्या घरच्यांना मिळाले. त्यांनी २००७ मध्ये ते छापवून घेतलं आणि मुखपृष्ठावर 'इफ' दिसेल न दिसेल इतकं बारीक केलं. म्हणजे कबुलीजबाबच. निकोल ब्राउनच्या बहिणीचा मात्र छापण्यालाच विरोध होता. एकाच रात्री, एकाच दारात झालेले दोन खून. एका घराला ते पुस्तक हत्यार वाटलं, दुसऱ्याला विटंबना. दोघांनाही मी चूक म्हणू शकत नाही. त्यामुळे 'कुटुंबाच्या संमतीने' असं मुखपृष्ठावर दिसलं, की कुटुंबातल्या कुणाच्या, हे मी आत शोधते.

८. विचारायची वेळ निघून चालली आहे.

जोशी-अभ्यंकर हत्याकांडातल्या त्या दहा जणांना जिवंतपणी ओळखणारी माणसं आता सत्तरी-ऐंशीत आहेत. घरच्यांना कृपा करून गाठू नका. त्यांना पुरेसं छळून झालंय. पण तुम्ही प्रकाश किंवा अनिलबरोबर वर्गात बसला असाल, जोशींच्या शेजारी राहिला असाल, शास्त्रीबुवांकडे शिकला असाल, सकूबाई ज्या वस्तीतून कामाला येत तिथले असाल, तर आठवेल ते वहीत उतरवा. त्या रात्रीबद्दल नको, ते सगळं लिहून झालेलं आहे. आधीच्या दिवसांबद्दल लिहा.