नवा कॅमेरा घेण्यापूर्वी



स्नेहसंमेलन झाल्यावर आमच्या छायाचित्रण छंदवर्गातील एक मुलगा नृत्याचे फोटो घेऊन आला. चेहरे बरे आले होते, पण नाचणाऱ्या मुलींचे हात सगळीकडे धुरकट. "सर, कॅमेरा जुना झालाय. बाबांना नवा घ्यायला सांगू का?" त्याने विचारले. त्याच्या घरी नवा कॅमेरा म्हणजे एक-दोन महिन्यांच्या पगाराचा प्रश्न. मी म्हटले, "आधी दोष कुणाचा ते शोधू, मग बाबांशी बोलू." त्या दिवशी फळ्यावर जे मांडले, तेच येथे देत आहे.

दोष कुठे आहे?

प्रत्येक डिजिटल फोटोबरोबर त्याची माहिती साठवलेली असते. ती उघडून पाहिली. शटर १/२५ सेकंद, अ‍ॅपर्चर एफ/५.६, आयएसओ १६००, आणि लेन्स कॅमेऱ्यासोबत मिळालेली १८-५५ मिलिमीटरची. नाचणारा हात सेकंदाच्या पंचविसाव्या भागात बराच सरकतो, म्हणून तो धुरकट उमटला. दोष कॅमेऱ्याच्या वयाचा नव्हता. रंगमंचावर प्रकाश कमी होता, त्यामुळे शटर जास्त वेळ उघडे राहिले.

यावर पहिला उपाय फुकटातला. आयएसओ १६०० ऐवजी ६४०० ठेवला तर संवेदनक्षमता चौपट होते आणि शटर १/१०० वर जाते. फोटोत दाणे वाढतात, पण वार्तापत्रात छापायच्या लहान फोटोत ते फारसे दिसत नाहीत.

दुसरा उपाय लेन्सचा. एफच्या पुढचा आकडा जितका लहान, तितके लेन्सचे तोंड मोठे. आत येणारा प्रकाश या आकड्याच्या वर्गाच्या व्यस्त प्रमाणात बदलतो. ५० मिलिमीटर एफ/१.८ ही साधी लेन्स घेतली तर ५.६ ÷ १.८ = ३.११ आणि ३.११ चा वर्ग सुमारे ९.७. म्हणजे जवळजवळ दहापट प्रकाश! आयएसओ १६०० वरच शटर १/२५ वरून सुमारे १/२५० वर येईल. ही लेन्स नव्या कॅमेऱ्यापेक्षा पुष्कळ स्वस्त असते, जुनीही मिळते.

मात्र एफ/१.८ वर स्पष्ट दिसणारा पट्टा अगदी अरुंद असतो. एका मुलीचा चेहरा स्वच्छ येईल, मागची रांग पुसट होईल. वर्गाचा सामूहिक फोटो काढताना उजेडात उभे राहून एफ/५.६ किंवा एफ/८ च ठेवावा. आणि विषय हलत नसेल, उदाहरणार्थ संध्याकाळची कृष्णपुरा छत्री, तर लेन्सही नको; एक भक्कम ट्रायपॉड पुरतो.

मेगापिक्सेलचा मोह

जाहिरातीत सर्वांत मोठा छापतात तो मेगापिक्सेलचा आकडा. एक मेगापिक्सेल म्हणजे दहा लाख टिंबे. चांगल्या छपाईला इंचाला ३०० टिंबे पुरतात. ६ × ४ इंची फोटोला १८०० × १२०० = २१ लाख ६० हजार, म्हणजे सव्वादोन मेगापिक्सेलही लागत नाहीत. ए-४ कागदाला ९ च्या आत भागते. फोटोचा आकार तोच ठेवून टिंबे दुप्पट केली, तरी लांबी आणि रुंदी प्रत्येकी १.४१ पटच वाढते. भिंतीएवढा फोटो छापायचा नसेल तर १२ मेगापिक्सेलचा जुना कॅमेराही आपल्याला पुरून उरतो.

मग कॅमेरा बदलावा केव्हा?

लेन्स चांगली, प्रकाश ठीक, हात स्थिर, आणि तरीही कॅमेरा अडवतो, असे वारंवार घडू लागले की. पळणाऱ्या खेळाडूवर फोकस टिकत नाही, रात्री सराफ्यात आयएसओ ३२०० वरच चित्र खराब होते, अशी कारणे वहीत तारखेसह लिहून ठेवा. एकच कारण दहा वेळा आले तर घरी बोलायला हरकत नाही.

कॅनन आणि निकॉन या दोन्ही कंपन्यांनी २०१८ मध्ये नव्या माउंटचे मोठ्या सेन्सरचे मिररलेस कॅमेरे आणले. त्यामुळे आरसा असलेले डीएसएलआर जुन्या बाजारात स्वस्त मिळतात आणि छंदासाठी ते उत्तम आहेत. जुना घेताना शटर किती वेळा उघडले आहे तो आकडा विचारा. लेन्स उजेडासमोर धरून आत बुरशीचे कोळ्याच्या जाळ्यासारखे धागे आहेत का तेही पाहा. जुन्या लेन्स अ‍ॅडॅप्टर लावून मिररलेसवर चालतात, पण सगळ्यांचा ऑटोफोकस चालतोच असे नाही. पैसे देण्याआधी लावून बघावे.

एडिटिंगचे साहित्य

जेपीईजी फाइलमध्ये प्रत्येक रंगाच्या २५६ छटा असतात. १४ बिटच्या रॉ फाइलमध्ये १६,३८४. म्हणून काळोखलेला फोटो रॉमधून पुष्कळ सावरता येतो. त्यासाठी डार्कटेबल, रॉथेरपी आणि गिंप ही सॉफ्टवेअर मोफत आहेत. चोरून घेतलेले सॉफ्टवेअर वापरण्याची काहीच गरज नाही.

छापून आल्यावर फोटो काळपट दिसतात, अशी तक्रार पालक करतात. बहुतेक वेळा त्याचे कारण संगणकाच्या पडद्याचा अतिप्रखर उजेड असते. पडद्यावर फोटो लख्ख दिसतो, म्हणून आपण तो उजळवत नाही. पडद्याचा उजेड कमी करून एक फोटो छापून घ्या आणि दोन्ही शेजारी धरून जुळवा. संगणक मंद वाटत असेल तर आधी एसएसडी बसवून आणि रॅम वाढवून पाहावी.

जी खरेदी मी केली नाही

आता माझी स्वतःची चूक सांगतो. काही वर्षांपूर्वी मी हौसेने नवा कॅमेरा घेतला. त्याच वर्षी वडिलांचे सहस्रचंद्रदर्शन झाले. दिवसभर फोटो काढले आणि सगळे एकाच हार्ड डिस्कवर ठेवले. सहा महिन्यांनी डिस्क बंद पडली. दुसऱ्या डिस्कचे पैसे मी पुढच्या लेन्ससाठी राखून ठेवले होते. वडील आता नाहीत. त्या दिवसाचे, बहिणीने छापून घेतलेले दोनच फोटो घरात आहेत.

म्हणून आमच्या वर्गाचा नियम असा: प्रत्येक फोटोच्या तीन प्रती, दोन वेगळ्या प्रकारच्या साधनांवर, त्यांपैकी एक घराबाहेर. २४ मेगापिक्सेलची रॉ फाइल सुमारे २५ एमबीची धरली, तर ४०० फोटोंना १० जीबी लागतात. कॅमेऱ्याच्या खर्चात हा खर्च पहिल्याच दिवशी धरावा.

आपल्या इंदूरशी छायाचित्रणाचे नाते जुने आहे. लाला दीनदयाळ १८६६ मध्ये येथे बांधकाम खात्यात नोकरीला लागले आणि १८७४ च्या सुमारास त्यांनी कॅमेरा हाती घेतला. महाराज तुकोजीराव होळकर (दुसरे) यांनी त्यांना प्रोत्साहन दिले. पुढे ते हैदराबादच्या निजामाचे छायाचित्रकार झाले. तेव्हा फोटो जड काचेच्या पाटीवर उमटवावा लागे. एक पाटी म्हणजे एक फोटो, म्हणून आधी विचार आणि मग शटर. ती सवय आपल्याला कोणत्याही दुकानात विकत मिळणार नाही.

त्या मुलाने गणेशोत्सवात जुन्याच कॅमेऱ्यावर आयएसओ ६४०० ठेवून लेझीमचे फोटो काढले. हात स्वच्छ आले. नंतर बाबांनी त्याला जुनी ५० मिलिमीटरची लेन्स आणि एक बाहेरची डिस्क घेऊन दिली.

विश्वस्त मंडळास विनंती: शाळेसाठी अशी एक लेन्स आणि एक ट्रायपॉड घेतला तर मुलांना आळीपाळीने वापरता येईल आणि अनेक घरांचा खर्च वाचेल.

स्वाध्याय

१. एफ/४ वरून एफ/२ वर गेल्यास प्रकाश किती पट होईल?
२. १० × ८ इंची फोटोला इंचाला ३०० टिंबांप्रमाणे किती टिंबे लागतील?
३. २५ एमबीच्या ६०० फाइलींच्या दोन प्रतींना किती जागा लागेल?
४. आपले बिघडलेले दहा फोटो निवडून प्रत्येकाचे कारण लिहा.

(उत्तरे: १. चौपट, २. ७२ लाख, ३. ३० जीबी. चौथ्याचे उत्तर वही घेऊन वर्गात दाखवावे.)

— छंदवर्ग शिक्षक