कोडिंगलाही हात बसावा लागतो
बारावीचा निकाल लागला की चिंचवड-आकुर्डीकडे जाहिराती दिसू लागतात: ३ महिन्यांत फुल स्टॅक डेव्हलपर, नोकरीची हमी. मुलगा क्लास लावतो. महिन्याभराने बाबा विचारतात, "काय बनवलंस?" दाखवायला असतो बेरीज-वजाबाकीचा प्रोग्राम. मग घरात कुजबुज सुरू होते, याला काही जमेलसं दिसत नाही.

चाकणच्या कंपनीत अर्धं आयुष्य काढलेल्या बापाने तरी असं म्हणू नये. आयटीआयत फिटर ट्रेडला असलेला पोरगा सुरुवातीला लोखंडाचा तुकडा कानशीने घासत असतो. गुण्या लावायचा, उजेडाकडे धरायचं, फट दिसली की पुन्हा घासायचं. ट्रेड २ वर्षांचा, पुढे अप्रेंटिसशिप. त्याला महिन्याभरात कोणी "गाडी कधी बनवणार?" असं विचारत नाही. कोडिंगच्या बाबतीत मात्र उतावळा नवरा, गुडघ्याला बाशिंग!

सीएनसीवाल्यांना तर हे सांगायलाच नको. फानुक कंट्रोलच्या बऱ्याच मशीनवर 'एक्स ५०' नंतरचं टिंब राहिलं, तर ५० मिलिमीटरऐवजी ५० मायक्रॉन धरले जातात. म्हणून सेटर नवा प्रोग्राम आधी सिंगल ब्लॉकवर, एकेक ओळ थांबवत चालवतो. कोडिंगचंही तसंच: सी भाषेत सातव्या ओळीत सेमीकोलन राहतो आणि काही कम्पायलर बोट दाखवतात आठवीकडे. नवखा पोरगा तासभर आठवी ओळच उलटीपालटी करतो. हा तास वाया गेला असं घरच्यांना वाटतं. पुढच्या वेळी मात्र त्याची नजर आपोआप एक ओळ वर जाते. चॅटबॉटला विचारलं तर उत्तर क्षणात मिळेल, पण ही नजर येणार नाही. पहिले काही महिने तो मोह टाळलेलाच बरा.

सरकारी संस्था सीडॅकच्या पीजी-डॅक या संगणक अभ्यासक्रमाला मुलं प्रवेश परीक्षा देऊन येतात, बहुतेक इंजिनिअर झालेली. तरी त्यांना सुमारे ६ महिने पूर्णवेळ राबावं लागतं. संगणकतज्ज्ञ पीटर नॉर्विग यांनी तर झटपट शिकवणाऱ्या पुस्तकांवर उतारा म्हणून 'दहा वर्षांत प्रोग्रामिंग शिका' असा लेखच लिहिला. घाबरू नका, नोकरीसाठी १० वर्षं थांबावं लागत नाही.

फी भरण्याची घाई नको. आयआयटी मुंबईच्या 'स्पोकन ट्यूटोरियल' प्रकल्पात सी, पायथॉनचे धडे मराठीतून फुकट आहेत. २ महिने रोज तासभर तेच करू द्या. विचारायचंच असेल तर "आज कुठे अडलास?" असं विचारा. चूक शोधताना पोरगा जेवायची हाक विसरू लागला, तर खुशाल क्लास लावा. तिथेही नोकरीची हमी लेखी मागा, आणि मुलांनी लिहिलेला कोड तपासतं कोण, तेही विचारा.

वेबसाइट बनवण्यात मन रमलं नाही, तर कारखान्यातल्या मशीन चालवणाऱ्या पीएलसीचं लॅडर लॉजिक आहे, रोबोट प्रोग्रामिंग आहे. त्यासाठी हिंजवडीच्या आयटी पार्कलाच जायला हवं असं नाही, चाकणच्या असेंब्ली लाइनवरही ते काम आहे.