हात का झटकलास?

चि. ओंकार,

काल रात्री ताईचा फोन आला. फायनलमध्ये विक्याला हरवल्यावर तो हेवीवेटवाला पोरगा हात पुढे करून तुझ्यासमोर आला आणि तू पाठ फिरवून पिशवी भरत बसलास म्हणे. वर हॉस्टेलच्या पोरांबरोबर त्याची हुर्यो उडवलीस. ताईला ही खबर कुणी दिली ते मला ठाऊक आहे आणि त्याला तिखटमीठ लावायची सवय आहे, हेही ठाऊक आहे. तेव्हा बाकीचं सोड. हाताचं तेवढं खरं का खोटं, ते कळव.

लढतीचा व्हिडिओ बघितला. ‘पळपुटा’ म्हणून ओरडत होता ना सगळे? अरे, विक्याचा उजवा ठोसा सुटण्याआधी त्याचा खांदा किंचित खाली जातो. त्या पोराने हे पहिल्याच फेरीत हेरलं. खांदा हलला की तो अर्धं पाऊल मागे आणि त्याचा जॅब विक्याच्या नाकावर. दिसायला कंटाळवाणं असेल, पण हे जमायला वर्षं जातात. तू स्वतः ग्लोव्हज घालतोस आणि तुलाही ते दिसू नये?

त्या पोरावरून मला बॉक्सर लॅरी होम्स आठवला. त्याचं नाव मी तुझ्यापुढे कितीदा काढलं असेल. सातवीत शाळा सुटलेला, गाड्या धुणारा अमेरिकेतल्या ईस्टनचा पोरगा. 1978 साली हेवीवेटच्या किताबासाठी केन नॉर्टनशी लढला तेव्हा त्याचा डावा दंड आधीच दुखावलेला होता. चौदा फेऱ्या झाल्या तरी तिन्ही पंचांच्या कागदावर दोघे बरोबरीत. पंधराव्या फेरीवर सगळं आलं आणि ती याने काढली. पुढच्या वर्षी अर्नी शेव्हर्सच्या ठोशाने आडवा झाला. तसल्या ठोशानंतर माणूस उठत नाही. हा उठला आणि अकराव्या फेरीत त्यानेच शेव्हर्सला संपवलं. सात वर्षं किताब राखला. पण लोकांना तो कधी आपला वाटलाच नाही, कारण तो मुहम्मद अलीनंतर आला आणि अली नव्हता.

त्यात त्याने खुद्द अलीलाच हरवलं. ऑक्टोबर 1980. अली थकलेला, एकही फेरी त्याच्या नावावर नाही. दहाव्या फेरीनंतर त्याच्या कॉर्नरने लढत थांबवली. होम्स एके काळी अलीचाच सरावाचा जोडीदार. जिंकल्यावर तो रडला. आमच्यापर्यंत ते रडणं कुठलं पोचायला! आम्ही कट्ट्यावर बसून त्याला शिव्या घातल्या. घरी येऊन अण्णांना सांगितलं, अली हरला. अण्णा तालमीतले. त्यांनी एवढंच विचारलं, “जिंकला कोण?” आणि मला नाव आठवेना. अण्णा काही बोलले नाहीत, जेवायला बसले. ते अजून टोचतं.

1982 साली गेरी कूनीशी लढत होती. रिंगमध्ये जगज्जेत्याचं नाव शेवटी पुकारायची रीत, पण त्या रात्री होम्सचं नाव आधी पुकारलं आणि आव्हानवीर कूनीचं नंतर. कूनी गोरा होता, एवढ्यावरून काय ते समज. होम्सने त्याला तेराव्या फेरीत हरवलं. पुढे हे दोघे चांगले मित्र झाले, बरं का.

होम्स काही संत नव्हता. 48 लढती न हरता 1985 मध्ये मायकेल स्पिंक्सकडून हरला. रॉकी मार्सियानोच्या 49 ला एकच कमी. तेव्हा चिडून मार्सियानोबद्दल नको ते बोलला, मग माफी मागितली. लोकांनी बोललेलं लक्षात ठेवलं. इतकी वर्षं मान मिळाला नाही की माणूस कडू होतोच, असं माझं मत. तुझ्या त्या पोराने तर अजून तोंडही उघडलेलं नाही. नुसता हात पुढे केला होता.

मला भीती वेगळीच आहे, ओंकार. तुझाही डावा हातच चांगला आहे. तूसुद्धा लांबूनच जिंकणार. उद्या सभागृह विक्यासारख्या कुणाच्या तरी बाजूने असेल, तुझी हुर्यो उडेल आणि तू हात पुढे करशील, तेव्हा समोरचा काय करेल? काल रात्री हाच विचार मनात होता. झोप लागली नाही.

असो. फार बोललो. विक्या तुझा जिवलग, त्याच्या नाकातून रक्त येताना तुला बघवलं नसणार, हे मला कळतं. ताईलाही तेच सांगितलं आणि तुझी बाजू घेतली, पण हे मी तुला लिहिलंय, ते तिला कळू देऊ नकोस. त्या पोराचा नंबर मिळाला तर एक फोन कर. नाही धीर झाला तर पुढच्या स्पर्धेत गाठ पडेलच.

अंगठ्याची सूज उतरली का? बँडेज बांधताना तिथे एक वेढा जास्त घेत जा. मामीने डिंकाचे लाडू केलेत, दिवाळीची वाट बघू नकोस. शनिवारची शेवटची एसटी धरलीस तरी चालेल, मी स्टँडवर असेन. विक्यालाही घेऊन ये. नाकाला लागलंय पोराच्या, दोन दिवस घरचं जेवेल.

तुझा,
मामा