कपाटाच्या दाराची कमान

माझे वडील लातूरला सुतारकाम करतात. घरातून महाविद्यालयाची पायरी चढलेला मी पहिलाच. म्हणून या कारागिरीविषयी थोडेसे.

कपाटाच्या दाराची वरची आडवी पट्टी कमानदार करतात. कंधारच्या किल्ल्यातील दगडी कमान भार वाहते. ही मात्र सरळ फळीतून कापलेली असते. मध्यभागी २ इंच लाकूड राखायचे आणि कमानीची उंची २ इंच, तर फळी ४ इंच रुंद घ्यावी.

उभ्या पट्ट्यांमधील अंतर १२ इंच असेल तर त्रिज्या किती? अर्ध्या जीवेचा वर्ग ३६, उंचीचा वर्ग ४, बेरीज ४०. तिला उंचीच्या दुपटीने, म्हणजे ४ ने भागले की १० इंच. वडील खिळा व दोरी घेऊन हाच कंस आखतात.

जोडाचे कुसू फळी सरळ असतानाच काढावे, कमान नंतर कापावी. तासताना हत्यार टोकांकडून मध्याकडे चालवावे. उलट चालवल्यास रेषा उचकटून टोके तुटतात. चौकटीतील मधल्या फळीला सरस लावू नये, कारण लाकूड पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात आकसते.

शाळेत जीवा-त्रिज्येचे प्रमेय मला चटकन कळले ते या दोरीमुळे. हातकामाला अडाण्याचे काम म्हणणाऱ्या मित्रांनी एवढा हिशेब एकदा करून पाहावा.