गाठीचे नाव काय?

"ऑपरेशन झाले, गाठ निघाली, टाकेही सुकले, मग डॉक्टर औषध का सुरू करीत नाहीत?" हा प्रश्न मला रुग्णांचे नातेवाईक नेहमी विचारतात. मी शल्यचिकित्सक नव्हे. काढलेली गाठ तपासणीसाठी ज्याच्या टेबलावर येते, तो मी पॅथॉलॉजिस्ट. गाठीला नाव देणे हे माझे काम, आणि नाव ठरल्याशिवाय पुढचे औषध ठरत नाही.

१९९१ सालची गोष्ट. नऊ वर्षांच्या एका मुलाच्या मांडीतील गाठीचा तुकडा माझ्याकडे आला. साध्या सूक्ष्मदर्शकाखाली पाहिले तर सगळीकडे एकसारख्या लहान, गोल, गडद निळ्या पेशी. बाजरी सांडावी तशा. मुलांमधले तीन-चार वेगवेगळे कर्करोग असेच दिसतात. लसिकापेशींचा लिम्फोमा, स्नायूंच्या पेशींसारखा रॅब्डोमायोसार्कोमा, चेतापेशींशी नाते सांगणारा न्यूरोब्लास्टोमा आणि बहुधा हाडात होणारा युइंग सार्कोमा. लिम्फोमात मुख्य भिस्त औषधांवर असते, तर रॅब्डोमायोसार्कोमात औषधांच्या जोडीला शस्त्रक्रिया किंवा किरणोपचार लागतात. म्हणजे नाव चुकले की उपचारही चुकला.

अशा वेळी इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाची आठवण होते. साधा सूक्ष्मदर्शक प्रकाशावर चालतो व हजारपटीच्या आसपास त्याची मर्यादा येते. पुढे चित्र मोठे होते, पण नवे काही दिसत नाही. जर्मनीत १९३१ साली अर्न्स्ट रुस्का आणि मॅक्स नॉल यांनी प्रकाशाऐवजी इलेक्ट्रॉनचा झोत वापरला. रुस्का यांना त्याबद्दल नोबेल पारितोषिक मिळाले ते १९८६ साली, पंचावन्न वर्षांनी! या यंत्रातून लाखपटीपर्यंत मोठे चित्र मिळते, मात्र ते कृष्णधवल असते.

पेशीच्या आत डोकावले की तिचे कूळ कळते. स्नायूकडे झुकणाऱ्या पेशीत जाड-बारीक तंतूंच्या जुड्या दिसतात. मेलॅनोमा या कर्करोगाच्या पेशी कधी कधी रंगहीन असतात. तरी आत रंगद्रव्याच्या अर्धवट घडलेल्या पुड्या सापडतात. फुप्फुसाच्या आवरणाच्या मेसोथेलिओमात पेशींवर लांब, सडपातळ केसांसारखे धागे असतात, तर फुप्फुसातल्या ग्रंथीजन्य कर्करोगात ते आखूड असतात.

एक गैरसमज मात्र दूर केला पाहिजे. "मोठ्या यंत्राखाली बघा, म्हणजे कॅन्सर आहे की नाही ते नक्की कळेल," असे पुष्कळजण म्हणतात. ते बहुतेक वेळा साध्या काचपट्टीवरच कळते. इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शक मुख्यतः पेशी कोणत्या घराण्यातली ते सांगतो.

आणि हे यंत्र फार नाजूक खाण्याचे आहे. त्याला जेमतेम एक मिलिमीटरचा तुकडा लागतो. तो शरीरातून निघताच काही मिनिटांत ग्लुटाराल्डिहाइड नावाच्या द्रावणात पडला पाहिजे. मग तो राळेसारख्या पदार्थात घट्ट बसवून काचेच्या किंवा हिऱ्याच्या सुरीने त्याचे काप काढतात. मिलिमीटरचे दहा हजार भाग केले तर त्यातल्या एका भागाहूनही पातळ! नेमका मेलेल्या भागातला तुकडा घेतला गेला, तर सारा खटाटोप वाया.

त्या मुलाच्या बाबतीत घात झाला तो याच टप्प्यावर. वडिलांच्या हाती तुकडा दिला होता सलाइनच्या बाटलीत. रात्रभर एस.टी.ने प्रवास करून, बाटली मांडीवर धरून, ते सकाळी माझ्याकडे पोचले. सलाइनमध्ये पेशी टिकत नाहीत. त्यांचे स्वतःचेच पाचकरस त्यांना विरघळवू लागतात. बाहेरचा आकार ओळखण्याइतका उरला होता, आत सगळा चिखल. मुलाला पुन्हा भूल द्यावी लागली. दुसऱ्या वेळी मी स्वतः शस्त्रक्रियागृहात उभा राहिलो, तुकडा योग्य द्रावणात घेतला आणि मुंबईला पाठवला. उत्तर आले: स्नायूंचे तंतू. रॅब्डोमायोसार्कोमा. त्यानुसार उपचार सुरू झाले, पण मधले तीन आठवडे गेले ते गेलेच. बाटलीत काय भरायचे हे वडिलांना कोणी सांगितले नव्हते.

आज असा तुकडा आला तर आम्ही प्रथम इम्युनोहिस्टोकेमिस्ट्री करतो. पेशीतील ठराविक प्रथिनाला जाऊन चिकटणारी प्रतिद्रव्ये वापरून त्या जागी रंग उमटवतात. ही तपासणी स्वस्त व सोपी, शिवाय नेहमीच्या मेणाच्या ठोकळ्यावर होते. त्यामुळे गाठींसाठी इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शक क्वचितच लागतो. मूत्रपिंडाच्या काही आजारांत मात्र त्याचे काम अजून आहे.

पण तुकडा नीट ठेवण्याची गरज तेवढीच आहे. तो घेऊन जाण्याची वेळ तुमच्यावर आली तर बाटलीत फॉर्मेलिन आहे ना, ते विचारून घ्या. तुकड्याच्या दहापट तरी द्रावण हवे. पाणी, सलाइन किंवा घरचे स्पिरिट चालणार नाही. इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाची शक्यता असेल, तर ते शल्यचिकित्सकाला आधीच ठाऊक असावे लागते. दुसऱ्या रुग्णालयात जाताना अहवालाबरोबर काचपट्ट्या आणि मेणाचा ठोकळाही मागून घ्या. ठोकळा वर्षानुवर्षे टिकतो, फक्त उन्हातल्या गाडीत ठेवू नका. एका गृहस्थांनी तो भक्तिभावाने देव्हाऱ्यात, समईशेजारी ठेवला होता. माझ्याकडे आला तेव्हा निम्मे मेण वितळून गेले होते.