डेड सेंटर की रिव्हॉल्विंग सेंटर? जॉब लावण्याआधी ठरवा

धनज-कारंजा भागात सोयाबीन काढणी सुरू झाली की थ्रेशरचा शाफ्ट घेऊन शेतकरी दारात उभा राहतो. मळणी थांबलेली, वर आभाळ भरलेलं. अशा वेळी तुमचं काम परत आलं, तर मजुरीच नाही, गिऱ्हाईकही जातं. म्हणून टेलस्टॉकला काय लावायचं, ते आधी ठरवा.

डेड सेंटर: हे फिरत नाही, जॉब त्याच्या टोकावर फिरतो. बेअरिंगच नाही, म्हणून त्याचा प्लेही नाही. कमी आरपीएमवर अचूक फिनिशिंगला उत्तम. पण घासतं, तापतं. सेंटर होलमध्ये ग्रीस भरा, नाहीतर टोक जळालंच समजा.

रिव्हॉल्विंग, म्हणजेच लाइव्ह सेंटर: हे जॉबबरोबर फिरतं. जास्त आरपीएम, जड कट, रोजची रिपेअरिंग, सगळं चालतं. मात्र बेअरिंग झिजलं की जॉब थरथरतो. अधूनमधून टोकाला डायल लावून बघा.

दोन्हींत एक काळजी सारखीच. 1 मीटरचा स्टीलचा शाफ्ट 20 अंशांनी तापला, तर सुमारे 0.23 मिमी लांबतो. टेलस्टॉक घट्ट असेल तर शाफ्ट वाकतो किंवा सेंटरवर ताण येतो. मध्येच मशीन थांबवा, टेलस्टॉक किंचित सैल करून पुन्हा बसवा.

भांडवल कमी आहे? आधी चांगलं रिव्हॉल्विंग घ्या, पण तुमच्या टेलस्टॉकचा मोर्स टेपर नंबर बघूनच. डेड सेंटर स्वस्त असतं. अचूक कामासाठी तेही जवळ ठेवा.